तूरडाळ शिजेल असं गाव

एखादी गोष्ट करण्यापेक्षा ती ठरवत राहण्यातच खरं सुख आहे, यावर माझ्या मामेसासऱ्यांइतकी अढळ श्रद्धा असलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या बायकोचे हे सख्खे मामा मूळचे सांगलीचे. तरुणपणी रसायनशास्त्र शिकायला जर्मनीत आले, एका कारखान्यात बॉयलरच्या पाण्याची देखरेख करायच्या नोकरीला लागले आणि हायडेलबर्गला राहिले ते राहिलेच. "मग आता कायमचे इथेच का?" असं कोणी विचारलं, तर निवृत्त झाल्यावरसुद्धा ते गंभीर चेहऱ्याने सांगत, "अजून तसं काही ठरवलेलं नाही." जर्मनीत नव्या घरात दिवे मिळत नाहीत. छताला नुसत्या वायरी लोंबत असतात आणि दिवा ज्याचा त्याने आणून लावायचा असतो. मी मामांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या बैठकीच्या खोलीत अशी वायर होती आणि तिच्या टोकाला उघडा बल्ब होता. "तात्पुरती सोय आहे," मामा म्हणाले, "दिवा बघतोय." मागे उभ्या असलेल्या मामींनी मला हळूच सांगितलं की ही तात्पुरती सोय त्यांच्या थोरल्या लेकीच्या वयाची आहे, आणि ती लेक आता बर्लिनला नोकरी करते.

मामी जर्मन. उंच, सडपातळ, निळ्या डोळ्यांच्या. त्या मराठी शिकल्या त्या पुस्तकातून नव्हे, तर सांगलीच्या स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या हाताखाली. त्यामुळे त्यांचं मराठी थेट आमच्या आजेसासूबाईंचं होतं. ट्राम डोळ्यांदेखत निघून गेली की त्या भर स्टॉपवर "गेली मेली!" म्हणायच्या. बर्फ पडायला लागला की "जळ्ळं मेलं ते हवामान!" मामांशी त्या एरवी जर्मनमध्ये बोलत, पण राग आला की "अहो" करून मराठीत येत. त्यांच्या तोंडून "अहो" ऐकू आलं की मामा चष्मा काढून खिशात ठेवायचे. लग्नाची गोष्ट मामी रंगवून सांगायच्या. "ह्याने मला विचारायला इतकी वर्षं लावली, की शेवटी मीच विचारलं. तर मला म्हणतो कसा, आल्झो, म्हणजे असं बघ, मला विचार करायला थोडा वेळ दे!"

मी तेव्हा हायडेलबर्गच्या एका संस्थेत संशोधन करत होतो आणि आमचं लग्न नवं होतं. दर शनिवारी दुपारी आम्ही दोघं मामांकडे जेवायला जायचो. शनिवारी अशासाठी की रविवारी जर्मनीत शेजारच्या घरात ऐकू जाईल असा आवाज करायची सोय नसते आणि मामांच्या घरी कुकर होता. तो सांगलीहून आणलेला होता आणि त्याची शिट्टी नदीच्या पलीकडे ऐकू जाईल अशी होती. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंनी पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा त्या पर्स आणि मांजर घेऊन जिन्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग वाटाघाटी झाल्या. शनिवारी, एक वाजायच्या आत, तीन शिट्ट्या. चौथी झाली तर मामा स्वतः खाली जाऊन माफी मागत.

आता मुख्य गोष्ट. मामांची वर्षाची मोठी रजा दर जानेवारीत ठरलेली असे, आणि ती ठरवावी लागत नसे हे तिचं वैशिष्ट्य. महिनाभर सांगली. आई होती, त्यामुळे प्रश्नच नव्हता. मामीही न चुकता बरोबर जात. मग एका पावसाळ्यात आजेसासूबाई गेल्या. मामांच्या धाकट्या भावाने लगेच घर विकून पुण्यात फ्लॅट घेतला. त्याच वर्षी मामा निवृत्त झाले, आणि त्याच हिवाळ्यात मामींना खोकला जडला. साधा नव्हे. नोव्हेंबरात सुरू व्हायचा तो एप्रिलपर्यंत हटायचा नाही. बोलता बोलता त्या थांबायच्या, टेबलाची कड धरायच्या, आणि आम्ही सगळे ताटाकडे बघत बसायचो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की औषधं आहेतच, पण यांना दर हिवाळ्यात निदान एक महिना दक्षिणेकडे न्या, कोरड्या उन्हात, समुद्राच्या हवेत. दरवर्षी छाती अशी भरत राहिली तर पुढे जड जाईल. मामांनी मामींचा हात हातात घेऊन शब्द दिला की फेब्रुवारी समुद्रकाठी काढायचा, दोघांनीच. फक्त गाव तेवढं ठरवायचं राहिलं.

तिथेच सगळं अडलं. जेवणाच्या टेबलावर दक्षिण युरोपचा नकाशा अंथरला गेला आणि आम्ही शनिवारचं जेवण ग्रीसवर ताट आणि स्पेनवर वाटी ठेवून जेवू लागलो. गावाने काय काय असायला हवं याच्या मामांच्या अटी दर आठवड्याला वाढत होत्या. गावात न्हावी दोन हवेत. "एकच असला आणि त्याच्याशी वाजलं, तर महिनाभर काय करायचं, जावईबापू?" गाव चढउताराचं नको. किनाऱ्यावर बसायला बाक हवेत आणि त्यांना पाठ हवी. एकदा त्यांनी इटलीतल्या कुठल्याशा छोट्या गावाच्या पर्यटन कचेरीत फोन लावून बंदरावरच्या बाकाला पाठ आहे का, असं विचारलं. तिथली मुलगी बिचारी फोन तसाच ठेवून खरोखर बघून आली. पाठ होती, पण बाकाचं तोंड रस्त्याकडे होतं. गाव बाद झालं. फोन ठेवल्यावर मामा म्हणाले, "मुलगी मात्र गुणाची होती."

बाकीच्या गावांचीही हीच गत. मायोर्काला जायचं नाही, कारण तिथे हायडेलबर्गपेक्षा जास्त जर्मन भेटतात. नीसला किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. "एवढा खर्च करून माणसाने गोट्यांवर बसायचं?" सिराकुसा जवळजवळ पसंत पडलं होतं, तेवढ्यात नकाशावर एटना दिसला.

"अहो मामा, तो ज्वालामुखी कितीतरी लांब आहे," मी म्हटलं.

"लांबचा असला तरी ज्वालामुखीच तो."

मालागाला सगळं गाव दुपारी झोपतं, ही त्यांची तक्रार होती. माझी बायको म्हणाली, "मामा, सांगलीत काय वेगळं होतं?"

"सांगलीत आपणही झोपतो. तिथे मला झोप लागणार नाही, मग मी एकटाच जागा राहून करू काय?"

मामांची अंतरं मोजायची तऱ्हा तर फारच मजेची होती. नकाशावर दोरा धरायचा, मग तो दोरा बोटांत तसाच धरून डोळे मिटायचे आणि मनातल्या मनात तेवढंच अंतर सांगलीत चालून बघायचं. "स्टेशनपासून किनारा म्हणजे आपल्या घरापासून आयर्विन पूल. ठीक आहे. पण भाजीबाजार? बाजार गणपतीच्या देवळाच्याही पुढे जातोय. पिशवी घेऊन परत येताना हिला दम लागेल." असा पहिला फेब्रुवारी गेला. मामी लोकरीचा मफलर गुंडाळून खिडकीपाशी बसल्या आणि खोकत राहिल्या. मामा त्यांच्यासाठी आल्याचा काढा करायचे, तो आणून द्यायचे आणि परत नकाशाकडे जायचे.

दुसऱ्या वर्षी पाण्याचं प्रकरण निघालं. हायडेलबर्गचं पाणी जड. किटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर धरतो आणि तूरडाळ कितीही शिजवा, दाणा वेगळाच राहतो. मामांचं सगळं आयुष्य पाण्यातल्या क्षारांशी झगडण्यात गेलेलं. कारखान्यातले बॉयलर त्यांनी वठणीवर आणले, पण घरचं वरण काही त्यांना बधलं नाही. कृष्णेच्या पाण्यात डाळ शिट्टीची वाटही बघत नाही, असं ते सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. एका शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "महिनाभर राहायचं म्हणजे महिनाभर जेवायचं. ज्या गावच्या पाण्यात डाळ शिजते तेच आपलं गाव. गेनाऊ! अगदी नेमकं!" आणि त्यांनी ओळखीपाळखीत निरोप धाडले की दक्षिणेकडे कोणीही सुट्टीला गेलं, तर येताना तिथल्या नळाचं पाणी बाटलीभर आणावं.

तेव्हा विमानात पाण्याची बाटली नेली तर कोणी हरकत घेत नसे. आणि मामांचा लोकसंग्रह दांडगा. त्यांचा दातांचा डॉक्टर क्रीटहून बाटली घेऊन आला. कारखान्यातला जुना सहकारी वालेन्सियाहून आला. माझ्या संस्थेतल्या एका मराठी मुलीने मधुचंद्राहून नवऱ्याच्या बॅगेत नीसचं पाणी आणलं. ती मला म्हणाली, "सर, नवरा विचारत होता की तुमच्या मामांना नक्की काय झालंय? मी सांगितलं, सांगलीचे आहेत." नीस आधीच बाद झालेलं, पण मामांनी त्यालाही संधी दिली. एकाच पाकिटातली डाळ, एकच भांडं, तीन शिट्ट्या. मग मामा झाकण काढायचे, पळीने डाळ घोटायचे आणि मान हलवायचे. आमच्या नशिबी दर शनिवारी नव्या गावाचं न शिजलेलं वरण यायचं. वालेन्सियाची डाळ तर दाताखाली कचकन वाजली. खालच्या बाईसुद्धा आता जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "आज कुठलं गाव?"

जानेवारी आला. मामींचा खोकला मागच्या वर्षापेक्षा खोल गेला होता. एका शनिवारी मामा क्रोएशियातल्या कुठल्याशा गावातल्या पावाबद्दल सांगत होते. मामी वाढता वाढता थांबल्या, खोकल्या, आणि पळी भांड्यात टाकून म्हणाल्या, "अहो!"

मामांनी चष्मा काढला.

"माझं थडगं कुठे बांधायचं ते तरी वेळेत ठरवा. तिथलंही पाणी बघा मेलं!"

मामा उठून बाल्कनीत गेले आणि त्या थंडीत कोटाशिवाय उभे राहिले. माझी बायको हळूच म्हणाली, "मामी, मामाला गाव नकोच आहे गं. त्याला सांगली हवीय, समुद्र जोडलेली."

"ठाऊक आहे मला," मामी म्हणाल्या. राग ओसरला होता. "आईंना जाऊन दुसरं वर्ष. जानेवारी आला की ह्याला काही सुचत नाही. दुसऱ्या कुठल्या गावाला हो म्हटलं, तर सांगली संपली असं होईल ना? पण मी तरी काय करू? मला श्वास घ्यायचाय." मला त्या क्षणी मामांचा राग आला होता, आणि बाल्कनीतली त्यांची वाकलेली पाठ बघून तो टिकतही नव्हता.

पुढच्या शनिवारी मामींनी मला तळघरात बटाटे आणायला पाठवलं, आणि पाठोपाठ स्वतःही आल्या. जर्मन इमारतींत प्रत्येक घराची एक तळघरातली खोली असते. तिथे बटाटे, सायकली आणि फेकवत नाहीत अशा वस्तू असतात. मामींनी सायकलीमागून एक बाटली काढली. सुपरमार्केटात बाळांचं दूध कालवायला खास हलकं पाणी मिळतं, त्याची ती बाटली होती आणि वर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं. दुसऱ्या हातात लिंबूसरबताची जुनी रिकामी बाटली होती. तिला कागद चिकटवून मामींनी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ताविरा, पोर्तुगाल".

मी बघतच राहिलो.

"टकामका काय बघताय, जावईबापू? ते नरसाळं धरा."

मी नरसाळं धरलं. पाणी ओतता ओतता मामींनी सांगितलं की त्यांच्या गाण्याच्या मंडळातली मैत्रीण तिथे जाऊन आली. नदीकाठचं पांढरं गाव आहे, फेब्रुवारीत बदाम फुलतात आणि होडीने पलीकडे गेलं की वाळूच वाळू. "तिला पाणी आणायला सांगायची मला लाज वाटली. ती मला वेडी म्हणाली असती."

"आणि मामांना कळलं तर?"

"ज्याला इतक्या वर्षांत दिवा निवडता आला नाही, त्याला काय कळतंय!"

वर येऊन मामींनी साळसूद चेहऱ्याने बाटली मामांपुढे ठेवली. मामांनी झाकण उघडलं, हुंगलं, बाटली उजेडाकडे धरून फिरवली, चमचाभर पाणी जिभेवर घोळवलं. मग नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ते मामींकडे बघत राहिले. मामी ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. मामांनी डाळ धुतली, कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं तर डाळ अशी शिजली होती की पळी बुडवताच विरघळली. गेल्या कित्येक महिन्यांत आम्ही त्या घरात असं वरण खाल्लं नव्हतं. हिंग, गूळ, वर लोणकढं तूप. मामा दोनदा भात घेऊन जेवले, हात धुऊन आले आणि म्हणाले, "ठरलं. ताविरा."

मला ठसका लागला. न्हाव्यांची चौकशी नाही, बाकांची नाही, दोरा नाही. त्याच दुपारी त्यांनी विमानाची तिकिटं काढली आणि महिनाभरासाठी दोन खोल्या घेतल्या. जिना उतरताना माझी बायको म्हणाली, "मामाला बरं नाहीये का रे?" मी तिला ट्राममध्ये सगळं सांगितलं, आणि आम्ही दोघं घरापर्यंत हसत गेलो.

फेब्रुवारीच्या अखेरीला आम्ही दोन दिवस त्यांच्याकडे ताविराला गेलो. गाव मैत्रिणीने सांगितलं होतं तसंच होतं. रस्त्याकडेच्या झाडांना संत्री लागलेली होती. मामा आम्हांला थेट भाजीबाजारात घेऊन गेले, कारण तिथे त्यांना एक शोध लागला होता. पोर्तुगीज लोक कोथिंबीर खातात! जर्मनीत कोथिंबीर म्हणजे प्लास्टिकच्या डबीतल्या चार मरगळलेल्या काड्या. इथे जुड्यांच्या राशी. मामांना पोर्तुगीज येत नव्हतं आणि भाजीवालीला दुसरं काही येत नव्हतं. मामा तिच्याशी सरळ मराठीत बोलत होते. "कालची जुडी बरी होती हो बाई, आज मुळं फार ठेवलीत." ती हसून एक जुडी वर घालायची. न्हावी मात्र गावात किती आहेत याची त्यांनी चौकशीच केली नव्हती, असं मामींनी मला मुद्दाम सांगितलं.

दुपारी जेवायला बसलो आणि वरण आलं. दाणा दाणा मोकळा, हायडेलबर्गपेक्षाही टणक. वर कोथिंबिरीचा हिरवागार ढीग. मामींनी ताटाकडे बघत ओठ घट्ट मिटून घेतले होते. माझी बायको खाली वाकून पडलेला चमचा शोधायला लागली आणि बराच वेळ वर आलीच नाही. मामांनी भात कालवला, चावून चावून खाल्ला आणि म्हणाले, "छान झालंय."

जेवणानंतर मामी नदीकाठच्या उन्हात खुर्ची टाकून डुलक्या घेऊ लागल्या. बायको फिरायला गेली होती. मी आणि मामा शेजारच्या भिंतीवर बसलो होतो. मला राहवलं नाही. "मामा, पाणी तर जडच निघालं."

"निघणारच होतं," मामा नदीकडे बघत म्हणाले. "नळाच्या कुठल्याही पाण्याला वास येतो. त्या बाटलीला कसलाच नव्हता. जावईबापू, उभ्या हयातीत मी दुसरं काही केलेलं नाही हो, पाणीच हुंगलंय."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

मामांनी झोपलेल्या मामींकडे मान वळवली. "दर जानेवारीत सांगलीला गेलं की पहिला आठवडा ही पोट धरून पडून असायची. आमचं पाणी तिला कधी मानवलंच नाही. आईला वाईट वाटेल म्हणून म्हणायची, प्रवासाचा शीण आहे. उठली की आईच्या मागे मागे स्वयंपाकघरात. तिने तिची अख्खी रजा, दरवर्षी, माझ्या आईला दिली. एकदाही म्हणाली नाही की समुद्रावर जाऊ या. आणि मी तिला डाळ शिजते का ते दाखवत बसलो होतो. ती बाटली तिने माझ्यापुढे ठेवली ना, तेव्हा मला कळलं की हिला किती जायचंय."

मामींची मान एका बाजूला कलली होती. मामांनी उठून त्यांच्या डोक्यामागे स्वतःचा कोट घडी करून ठेवला, तसाच थोडा वेळ कान देऊन उभे राहिले आणि परत आले.

"दोन दिवसांत खोकला ऐकलात तिचा?"

"नाही."

"मीही नाही ऐकला." मग एकदम आवाज खाली आणून ते म्हणाले, "मला कळलंय हे तिला सांगू नका हं. मला फसवल्याचा फार आनंद झालाय तिला. रोज वरण वाढताना हसू दाबते."

त्यानंतर ते दोघं दर फेब्रुवारीला ताविरालाच गेले. मामा दरवर्षी ते कच्चं वरण "छान झालंय" म्हणत खात राहिले आणि मामी दरवर्षी मला एकटं गाठून बाळाचं चित्र असलेल्या त्या बाटलीची गोष्ट नव्याने सांगून हसत राहिल्या. मामी होत्या तोपर्यंत मी त्यांना काही सांगितलं नाही.